चौथ्या-पाचव्या पातळीवर बोली कशी ठरवायची: नव्याने ब्रिज खेळणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाची पहिली वेचणी आटोपली होती आणि संध्याकाळी आम्ही चौघं छपरीत पानं घेऊन बसलो होतो. मामंजींनी १ इस्पिक म्हटलं. माझे पार्टनर म्हणजे धाकटे भाऊजी, त्यांनी २ बदाम म्हटलं. मामंजींच्या समोर बसलेल्या गुरुजींनी मधलं काही न बोलता थेट ४ इस्पिक केलं. आता पाळी माझी. माझी पानं अशी होती:

इस्पिक: ७
बदाम: राणी, ९, ६, ४
चौकट: राजा, ८, ६, ५, २
किलवर: ७, ४, ३

पॉइंट मोजले, पाच भरले. पाच पॉइंटांवर पाचची बोली करायची हिंमत होईना, म्हणून पास म्हटलं. त्यांनी बरोबर दहा हात केले (बोलीच्या आकड्यात सहा मिळवले की जिंकायचे हात निघतात). ते व्हल्नरेबल होते (म्हणजे त्या डावात त्यांचं बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे), म्हणून ६२० गेले. तीच पानं दारव्ह्याच्या टेबलावर खेळली गेली (ती तिथे कशी जातात ते पहिल्या पायरीत येतं), तेव्हा माझ्या जागेवरच्या खेळाडूने ५ बदाम म्हटलं, डबल बसलं (म्हणजे समोरच्यांनी बक्षीस-दंड वाढवणारी बोली केली), दोन डाऊन झाले, म्हणजे दोन हात कमी पडले, आणि फक्त ३०० गेले. रविवारी फोनवर मार्क जुळवले तेव्हा भाऊजी म्हणाले, "वैनी, चार बदाम होते ना तुमच्यापाशी? मंग पास काहून?" मला उत्तर देता आलं नाही. मामंजी भुसावळला रेल्वेत असताना ब्रिज शिकलेले. ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, पॉइंट मोजू नोको, पानं मोज."

त्यानंतरचे सहा महिने मी उलट्या बाजूला गेले. समोरच्यांनी चार म्हटलं की मी पाच म्हणायचे. ८०० आणि ११०० असे गेलेले मार्क माझ्या तेव्हाच्या वहीत सापडतात. मामंजींच्या त्या वाक्याचा नीट अर्थ लागायला दोन पावसाळे गेले. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला डाव उघडता येतो, पॉइंट मोजता येतात, समोरच्यांच्या बोलीवर आपली बोली टाकता येते असं मी धरून चालते. नव्या माणसाची गाडी अडते ती दोन्ही बाजू बोलत-बोलत ४ आणि ५ वर पोचल्यावर. शब्दांचा एक खुलासा आधीच करते: या लेखात 'हात' म्हणजे चार पानांचा जिंकलेला हात, आणि वाटून आलेल्या तेरा पानांना मी नुसतं 'पानं' म्हणते. नाहीतर गोंधळ होतो.

१. सामान आणि माणसं जमवा

ब्रिजला सामान फार लागत नाही, पण वर-वरच्या बोलीचा अभ्यास करायचा तर तीच पानं दुसऱ्या टेबलावर खेळली गेली पाहिजेत. नाहीतर तुम्ही केलेलं बरोबर होतं की नशिबाने वाचलात, हे कळत नाही. आम्ही हे जमवलं:

- पत्त्यांचे आठ कॅट, पाठीची नक्षी कुठलीही चालते.
- टेलरकडून शिवून घेतलेल्या चार कप्प्यांच्या आठ कापडी पिशव्या. यांना बोर्ड म्हणायचं. कप्प्यांवर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं लिहायचं.
- जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून केलेली बोलीची कार्डं. पास हिरवा, डबल लाल, रिडबल निळा. स्पर्धेत रंग हेच असतात, म्हणून सवय आत्तापासून लावा. तोंडी बोलीत आवाजाचा चढउतार पार्टनरला नको ते सांगून जातो.
- एक दोनशे पानी वही आणि मार्कांचा तक्ता.

प्रत्येक पिशवीवर कोण व्हल्नरेबल हे लाल पेनाने लिहा. आठ बोर्डांचा क्रम असा आहे: १ कोणीच नाही, २ उत्तर-दक्षिण, ३ पूर्व-पश्चिम, ४ दोघंही, ५ उत्तर-दक्षिण, ६ पूर्व-पश्चिम, ७ दोघंही, ८ कोणीच नाही. पहिली बोली १ नंबरला उत्तरेची, २ ला पूर्वेची, असं फिरत जातं.

आमचे बोर्ड खेळून झाले की सोमवारच्या एसटीने कॉलेजला जाणारा पोरगा पिशव्या दारव्ह्याला नेतो. तिथली चार माणसं आठवडाभरात तेच डाव खेळतात. आमच्या उत्तर-दक्षिणचे मार्क त्यांच्या उत्तर-दक्षिणशी जुळवले की झाली तुलना. दुसरं टेबल मिळत नसेल तर बीबीओ (ब्रिज बेस ऑनलाइन, ब्रिज खेळायचं ॲप) मोबाईलवर घ्या. नोंदणीला पैसे लागत नाहीत, आणि डाव संपल्यावर चारही पानं उघडी धरून किती हात निघत होते ते कॉम्प्युटर दाखवतो. आमच्याकडे घरात रेंज नाही, स्लॅबवर चढावं लागतं, पण त्या आकड्यांसाठी चढायला हरकत नाही.

माणसांबद्दल दोन गोष्टी. पैसे लावू नका. आणि 'आता या वयात काय शिकायचं' असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आला आणि पुरुष जोडीचं सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६. आमचे गुरुजी ही बातमी ऐकूनच टेबलावर बसायला तयार झाले.

२. मार्कांचा तक्ता तोंडपाठ करा

पाढ्यांसारखा पाठ पाहिजे. बोलीच्या वेळी आठवत बसलात तर उशीर होतो, आणि उशिराचा त्रास वेगळाच आहे (तो दहाव्या पायरीत येतो).

- ४ बदाम किंवा ४ इस्पिक पूर्ण केले: व्हल्नरेबल नसताना ४२०, असताना ६२०.
- ५ किलवर किंवा ५ चौकट: ४०० आणि ६००.
- डबल बसून डाऊन, व्हल्नरेबल नसताना: १००, ३००, ५००, ८००, ११००.
- डबल बसून डाऊन, व्हल्नरेबल असताना: २००, ५००, ८००, ११००.
- डबल नसेल तर प्रत्येक हाताला ५० किंवा १००.

यातून आपलं बजेट निघतं. समोरच्यांचा ४ चा गेम (म्हणजे मोठं बक्षीस देणारी बोली) होणारच आहे असं धरलं, तर तो वाचवायला आपल्याला किती डाऊन परवडतं? ते व्हल्नरेबल, आपण नाही: तीन. दोघंही नाही: दोन. दोघंही व्हल्नरेबल: दोन. आपण व्हल्नरेबल, ते नाही: एकच. 'गेम होणारच आहे असं धरलं तर' हे शब्द मात्र विसरू नका. जो गेम बुडणारच होता तो वाचवायला वर जाऊन आपण डाऊन झालो, तर दोन्हीकडून नुकसान. माझ्या वहीतले निम्मे मोठे तोटे याच प्रकारचे आहेत.

३. डाव कोणाचा, हे आधी ठरवा

वर जाण्याआधी एकच प्रश्न: एकूण ताकद कुठल्या बाजूला आहे? आपण डाव उघडला आणि पार्टनरने ताकदीने गेमपर्यंत नेला, तर डाव आपला. आता समोरच्यांची ५ ची बोली म्हणजे बहुधा आपला गेम मोडण्यासाठी केलेली. तिला डबल बसलं पाहिजे किंवा आपण वर गेलं पाहिजे. नुसतं सोडून देणं हा गुन्हा.

पार्टनरने कमजोर पानांवर ३ ने डाव उघडला असेल आणि समोरचे स्वतःहून ४ वर गेले असतील, तर डाव त्यांचा. तिथे आपण फक्त हिशेब बघायचा, बजेटमध्ये बसतं का.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: दोन्हीकडे साधारण सारखी ताकद, दोन्हीकडे लांब रंग, कुणाचा डाव हे कुणालाच माहीत नाही. चौथी ते सातवी पायरी मुख्यतः याच डावांसाठी आहे.

४. हुकमाची पानं मोजा

ज्याँ-रेने व्हेर्न नावाच्या फ्रेंच माणसाने १९६९ साली एक निरीक्षण मांडलं. आपल्या सगळ्यात लांब रंगातली आपल्या दोघांची पानं आणि समोरच्यांच्या सगळ्यात लांब रंगातली त्या दोघांची पानं, यांची बेरीज करा. आपण आपला हुकूम खेळलो तर मिळणारे हात आणि ते त्यांचा हुकूम खेळले तर त्यांना मिळणारे हात, यांची बेरीजही साधारण तेवढीच येते. मामंजी 'पानं मोज' म्हणत होते ते हेच.

माझ्या त्या डावावर लावून बघा. माझ्याकडे चार बदाम. भाऊजींनी दुसऱ्या पातळीवर बोली टाकली, म्हणजे किमान पाच, बहुतेक वेळा सहा. सहा धरू, एकूण दहा. मामंजींचे इस्पिक पाच आणि गुरुजींचे चार, एकूण नऊ. बेरीज १९. आता एकोणीस हात दोन बाजूंत वाटा:

- त्यांचे ११, आपले ८: त्यांना ६५० मिळणार, आपले ५ बदाम तीन डाऊन, ५००. वर जाऊन १५० चा फायदा.
- त्यांचे १०, आपले ९: ६२० च्या जागी ३००. फायदा ३२०.
- त्यांचे ९, आपले १०: त्यांचा गेम एक डाऊन होणार होता, आपल्याला १०० मिळत होते. वर गेलो तर एक डाऊन, १०० गेले. तोटा २००.

तीनपैकी दोन वाटण्यांत फायदा, एकीत तोटा, आणि मोठा आकडा फायद्याच्या बाजूला. म्हणून ५ बदाम. भाऊजींकडे पाचच बदाम असते तर बेरीज १८ झाली असती. तेव्हा त्यांचे १० आणि आपले ८ असतील तर फायदा फक्त १२०, पण त्यांचे ९ आणि आपले ९ असतील तर तोटा ४००. बदामाच्या एका पानाने निर्णय बदलतो.

पार्टनरची पानं दिसत नाहीत, मग मोजायची कशी, असं प्रत्येक नवा खेळाडू विचारतो. बोलीतून मोजायची. आणि समोरच्यांच्या रंगातली स्वतःची पानं बघायची. समजा त्यांच्याकडे इस्पिक नऊ आहेत असं बोलीवरून कळलं, तर आपल्या दोघांत चारच उरले. माझ्याकडे तीन असतील तर पार्टनरकडे एक. म्हणजे पार्टनर तिथे दुसऱ्या फेरीला हुकूम मारणार. हा हिशेब तोंडी नाही तर कागदावर करून बघा, आठ-दहा डावांनंतर आपोआप डोक्यात होतो.

या निरीक्षणावरून एक साधी पायरी निघते: आपल्या दोघांत हुकमाची जेवढी पानं, तेवढ्या हातांच्या बोलीपर्यंत जाणं साधारण सुरक्षित. आठ असतील तर २ पर्यंत, नऊ असतील तर ३, दहा असतील तर ४. पाचव्या पातळीला अकरा लागतात. इथे थोडं सांभाळा: ही 'साधारण' गोष्ट आहे. एका-दोन हातांचा फरक नेहमी पडतो, आणि तो कधी पडतो हे पुढच्या पायरीत.

५. मोजणीत दुरुस्ती करा

तुमचे राजे-राण्या कुठे बसले आहेत ते बघा. समोरच्यांच्या रंगात तुमची राणी-गुलाम असतील, तर ती पानं बचावात एखादा हात देतील पण आपण खेळायला बसलो तर कामाची नाहीत. एकूण हातांतून एक वजा करा आणि पासकडे झुका. उलट तुमची सगळी मोठी पानं तुमच्या स्वतःच्या लांब रंगांत असतील, तर एक वाढवा.

दुसरी दुरुस्ती: दोन रंग जुळले असतील, म्हणजे हुकमाशिवाय आणखी एका रंगातही आपल्या दोघांची आठ-नऊ पानं असतील, तर हात अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. अशा डावांत दोन्हीकडचे गेम होतात. म्हणून बोली करतानाच पार्टनरला दुसरा रंग सांगता आला तर सांगा. ४ बदामांना थेट जाण्याऐवजी वाटेत ४ किलवर म्हटलं, की पार्टनरला ५ इस्पिकांवर काय करायचं ते ठरवायला आधार मिळतो.

पार्टनरची वाटणी सपाट असण्याची शक्यता जास्त, तुमची स्वतःचीही सपाट, कुठे एकच पान किंवा रिकामा रंग नाही: अशा वेळी पॉइंट कितीही असोत, वर जाऊ नका.

६. जिथपर्यंत जायचं आहे, तिथे एकदाच जा

पार्टनरने १ इस्पिक उघडला, उजवीकडच्याने डबल म्हटलं, आणि तुमच्याकडे हे आहे:

इस्पिक: राजा, १०, ८, ६, ३
बदाम: ५
चौकट: राणी, गुलाम, ७, ४
किलवर: ९, ६, २

पॉइंट सहा. इस्पिक दोघांचे मिळून दहा. थेट ४ इस्पिक म्हणा. नवी मंडळी इथे २ इस्पिक म्हणतात, मग समोरचे ३ बदाम, मग ३ इस्पिक, मग ४ बदाम, आणि शेवटी नाइलाजाने ४ इस्पिक. पोचलात तिथेच, पण वाटेत समोरच्यांना एकमेकांशी बोलायला तीन फेऱ्या दिल्या. आता त्यांना नक्की माहीत आहे की ५ बदाम म्हणायचं की डबल मारायचं. सुरुवातीलाच ४ म्हटलं असतं तर चौथ्या खेळाडूला अंधारात ठरवावं लागलं असतं, जसं गुरुजींच्या ४ इस्पिकांवर मला ठरवावं लागलं.

आणि एकदा ४ म्हटल्यावर तुमचं बोलणं संपलं. समोरच्यांनी ५ बदाम म्हटलं तर निर्णय पार्टनरचा. तुमच्या पानांत तुम्ही सांगितलं त्याहून जास्त काही नाही. हा सापळा मी सगळ्यात जास्त वेळा बघितला आहे: एकदा वाचवायला वर गेलेला माणूस दुसऱ्यांदा पुन्हा वर जातो. पार्टनर बिचारा डबल मारून ५०० घ्यायला बसलेला असतो, आणि त्याच्या तोंडातला घास जातो.

७. पाचावर पाच: इथे थांबायला शिका

जुने खेळाडू म्हणतात, पाचवी पातळी समोरच्यांची. आपण ४ इस्पिक, ते ५ बदाम. आता ५ इस्पिक म्हणायचं का? भाऊजींनी आणि मी एका पावसाळ्यात, पेरणी खोळंबली होती तेव्हा, वहीत हा हिशेब पूर्ण लिहून काढला. दोघंही व्हल्नरेबल, जे बुडतं त्याला डबल बसतं, जे होतं त्याला बसत नाही असं धरून.

एकूण हात १९ असतील:
त्यांचे ११, आपले ८: पास केला तर ६५० जातात, ५ इस्पिक केलं तर ८००. त्यांचे १०, आपले ९: डबल मारून २०० मिळत होते, वर जाऊन ५०० गेले. त्यांचे ९, आपले १०: ५०० मिळत होते, २०० गेले. तिन्ही ठिकाणी वर जाणं चूक, आणि दोन ठिकाणी तब्बल ७०० चा फरक.

एकूण हात २० असतील:
११ आणि ९: ६५० ऐवजी ५००, फायदा १५०. १० आणि १०: २०० मिळत होते, २०० गेले, तोटा ४००. ९ आणि ११: ५०० ऐवजी ६५०, फायदा १५०. मधली वाटणी सगळ्यात संभवनीय, आणि तिथेच मोठा तोटा. म्हणून डबल किंवा पास.

एकूण हात २१ असतील:
११ आणि १०: ६५० ऐवजी २००, फायदा ४५०. १० आणि ११: २०० ऐवजी ६५०, पुन्हा फायदा ४५०. वर जा.

म्हणजे पाचावर पाच म्हणायला एकवीस हात लागतात. आपल्याकडे हुकूम दहा असतील तर त्यांच्याकडे अकरा पाहिजेत, किंवा दोन रंग जुळलेले पाहिजेत. असे डाव येतात, पण रोज येत नाहीत. हा तक्ता लिहिल्यापासून आमचे पाचव्या पातळीवरचे तोटे उघड कमी झाले. तुम्हीही हा स्वतःच्या हाताने एकदा लिहून काढा, वाचून तो डोक्यात बसत नाही. व्हल्नरेबल बदलून बाकीचे तीन तक्तेही करा.

एक अपवाद: समोरच्यांच्या रंगात तुमच्याकडे एकही पान नसेल आणि हुकूम लांब असेल, तर मी अजूनही वर जाते. भाऊजींना ते पटत नाही.

८. डबल मारण्याआधी भाव बघा

समोरच्यांचा ४ इस्पिक एक डाऊन होईल असं वाटतं, म्हणून डबल मारला. बरोबर ठरलात तर व्हल्नरेबल नसताना ५० चे १०० होतात. चुकलात तर ४२० चे ५९०. पन्नास मिळवायला १७० लावले. म्हणून एका डाऊनसाठी स्वतःहून केलेल्या गेमला डबल मारू नका. दोन-तीन डाऊन दिसत असतील, किंवा त्यांची बोली गेम वाचवण्यासाठी असेल, तर मारा.

दुसरा तोटा आकड्यात दिसत नाही. तुमच्याकडे हुकमाची राणी-गुलाम-१०-९ आहे आणि त्या आनंदात तुम्ही डबल मारला, की खेळणाऱ्याला कळतं पानं कुठे आहेत. मामंजी अशा डबलवर हमखास दहा हात काढतात.

पार्टनरशी आधी ठरवून घ्यायची गोष्ट म्हणजे समोरच्यांनी ४ ने डाव उघडल्यावर डबलचा अर्थ काय. आमचं असं ठरलं आहे: ४ बदामांवर डबल म्हणजे ताकद आहे आणि इस्पिक चालतील. ४ इस्पिकांवर डबल म्हणजे नुसती ताकद, पार्टनरची वाटणी सपाट असेल तर त्याने तसंच राहू द्यावं. दोन रंग दाखवायचे असतील तर ४ नो-ट्रम्प (बिनहुकमी बोली). पार्टनरचा डबल काढून पाचव्या पातळीवर पळायचं तर लांब रंग पाहिजे. भीती वाटते म्हणून पळू नका.

स्लॅमवरचा (म्हणजे बारा किंवा तेरा हातांच्या बोलीवरचा) डबल वेगळा. थिओडोर लाइटनर यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि त्याचा अर्थ आहे, 'नेहमीची उतारी (पहिलं पान) नको, वेगळी कर'. बहुधा डबल मारणाऱ्याकडे एखादा रंग रिकामा असतो.

९. 'तू ठरव' असं सांगणारा पास

तिसऱ्या पायरीत म्हटलं तसं डाव नक्की आपला असेल, तर समोरच्यांची बोली डबलशिवाय सोडायची नाही. मग आपल्याकडे तीन बोली उरतात. डबल: पुढे जाऊ नको. ५ ची बोली: मला जायचंच आहे. आणि पास: मला दोन्ही चालेल, तू ठरव. हा पास पार्टनरने पास करून संपवायचा नाही.

धोका इथे की एकाला वाटतं पास बोलका आहे आणि दुसऱ्याला वाटतं साधा. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांनी सही करा. आमचा नियम: आपण ताकद दाखवून गेमला पोचलो तरच पास बोलका. १ बदाम आणि लगेच ४ बदाम अशी उडी असेल तर पास साधा, कारण ती उडी कमजोर पानांवरही असते.

१०. थांबण्याचे नियम

समोरच्याने उडी मारून बोली केली की पुढच्या खेळाडूने साधारण दहा सेकंद थांबायचं, पानं कशीही असोत. लगेच पास म्हटलं तर माझ्याकडे काहीच नाही हे पार्टनरला कळतं, फार थांबून पास म्हटलं तर काहीतरी आहे हे कळतं. या दोन्ही गोष्टी वापरायला नियमाने मनाई आहे. पार्टनर बराच वेळ विचार करून पास झाला, तर त्याच्या थांबण्यावरून वर जायचं नाही. तुमची पानं जे सांगतात तेच करायचं, आणि दोन पर्याय सारखे असतील तर त्याच्या थांबण्याने सुचवलेला सोडायचा.

घरच्या खेळात हे कशाला, असं आम्हालाही वाटायचं. पण दारव्ह्याच्या टेबलाशी मार्क जुळवायला लागल्यावर लक्षात आलं, की भाऊजींच्या सुस्काऱ्यावरून मी निम्मे निर्णय घेत होते.

११. वहीत काय लिहायचं

प्रत्येक डावाचं लिहू नका, कंटाळा येतो आणि वही बंद पडते. फक्त जिथे दोन्ही बाजू बोलल्या आणि बोली ४ च्या वर गेली तेवढेच डाव. बोर्ड नंबर, कोण व्हल्नरेबल, पूर्ण बोली, आपल्या दोघांचे हुकूम, त्यांचे हुकूम, प्रत्यक्ष निघालेले हात, दुसऱ्या टेबलावर काय झालं. आणि एक रकाना खास: निर्णय घेताना मी किती हुकूम मोजले होते. पुढे खरा आकडा आणि हा आकडा शेजारी-शेजारी दिसतात.

माझ्या वहीत पहिल्या वर्षी हा फरक दोन-दोन पानांचा होता, आणि नेहमी एकाच बाजूला: पार्टनरकडे नसलेली पानं मी धरायचे. आता बहुतेक डावांत एकाचा येतो. उद्या सोमवार, पिशव्या सकाळी साडेसातच्या एसटीने जायच्या आहेत, आणि सहा नंबरच्या बोर्डावर मी ५ चौकटींवर पास केला आहे. भाऊजी म्हणतात चुकलं. बेरीज २० येत होती.